घात साधेल त्याचं शेत

(आकाशवाणीवरील शेतकी कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आमच्या उंब्रजच्या एसटी स्टँडवर उभं राहिलं की एक देखावा रोज दिसतो. कराडची गाडी डोळ्यांदेखत सुटते. माणूस पिशवी सावरत धावत येतो, हात करतो, पण गाडी काही थांबत नाही. तो थोडा चिडतो, एक कप चहा घेतो आणि मागच्या गाडीनं जातो. हमरस्त्यावरचं गाव आहे, दुसरी गाडी मिळते. शेतातली गाडी मात्र तशी नाही. ती चुकली तर पुढची गाडी एकदम वर्षानं.

या शेतातल्या गाडीला आपल्या जुन्या माणसांनी फार चांगला शब्द दिला आहे. तो शब्द म्हणजे घात. जमीन, पाऊस, थंडी, बी आणि मजूर यांचा मेळ ज्या चार दिवसांत बसतो, ती घात. आता गंमत बघा. ‘ती घात’ म्हटलं की पेरणीची योग्य वेळ, आणि ‘तो घात’ म्हटलं की नाश. शब्द एकच, पण ती घात साधली नाही की तो घात झालाच म्हणून समजा. आज मी तुमच्याशी वेळेच्या किमतीबद्दल बोलणार आहे, ते या घातीच्या हिशेबानं. घड्याळातल्या वेळेची किंमत शाळेत सगळ्यांनीच ऐकली आहे. शेतातल्या वेळेची किंमत पोत्यांत मोजता येते, आणि ती आपण फारशी मोजत नाही.

एका पंधरवड्याची किंमत एक क्विंटल

गव्हाचंच उदाहरण घेऊ. बागायती गहू वेळेवर पेरायचा म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरायचा. त्यानंतर पेरणी जसजशी लांबते तसतसं उत्पन्न घटतं. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत सांगितलेलं आहे की उशिराच्या प्रत्येक पंधरवड्यामागं हेक्टरी सुमारे अडीच क्विंटल गहू कमी येतो. हेक्टर म्हणजे अडीच एकर. म्हणजे हिशेब सोपा झाला. एकरी एक क्विंटल. ज्याचा २० गुंठ्यांचाच तुकडा आहे त्याचे ५० किलो.

आता तो दिवसावर आणा. पंधरा दिवसांत १०० किलो, म्हणजे एका दिवसाला एकरी साडेसहा किलोंहून थोडं जास्तच. आज नको, उद्या बघू, असं आपण म्हणतो तेव्हा घरातल्या कणगीतून सहा किलो गहू उकिरड्यावर ओतल्यासारखं होतं. कुणी खरोखर ओतला असता तर घरच्या लक्ष्मीनं हात धरला असता. हा गहू कुणाला दिसत नाही, म्हणून कुणी हात धरत नाही.

असं का होतं तेही समजून घ्या. गहू हे थंडीचं पीक आहे. त्याला फुटवे फुटायला थंडी लागते आणि दाणा भरतानाही हवा थंडच लागते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला पेरलेला गहू फेब्रुवारीतल्या गारव्यात दाणा भरतो. डिसेंबरात पेरलेल्या गव्हाचा दाणा भरायला लागतो तोवर ऊन तापलेलं असतं. दाणा पुरता भरायच्या आतच वाळतो, सुरकुततो. त्यावर जास्तीचं खत टाकून उपयोग नाही आणि जास्तीचं पाणी देऊनही उपयोग नाही. गेलेली थंडी दुकानात मिळत नाही.

नोव्हेंबरचा उशीर जूनमध्ये सुरू होतो

गव्हाला उशीर का झाला, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. रान मोकळं नव्हतं. बरोबर आहे. पण रान मोकळं का नव्हतं? कारण सोयाबीन उशिरा निघालं. ते उशिरा का निघालं? कारण पेरलंच उशिरा. म्हणजे नोव्हेंबरातल्या उशिराचं मूळ जूनमध्ये निघालं.

जे. एस. ३३५ ही सोयाबीनची जात साधारण ९५ ते १०० दिवसांत तयार होते. २० जूनच्या सुमारास पेरलं तर सप्टेंबर संपता संपता ती काढणीला येते. म्हणजे गव्हाच्या आधी महिनाभर हातात राहतो. हा महिना जातो कुठं? आठ दिवस काढणीला मजूर मिळत नाहीत म्हणून जातात. आठ दिवस मळणी यंत्राची पाळी येत नाही म्हणून जातात. मग दिवाळी येते. मग ट्रॅक्टरवाला म्हणतो, तुमच्या आधी दहा जण आहेत. असा एकेक आठवडा सांडत जातो आणि डिसेंबर उजाडतो. एकट्या आठवड्याचा आळ कुणावरच येत नाही.

काढणीलाही तीच गोष्ट. पानं पिवळी पडून गळाली, शेंगा तपकिरी झाल्या की सोयाबीन काढायला हवं. जे. एस. ३३५ चं पीक जास्त दिवस उभं राहिलं तर शेंगा रानातच तडकतात आणि दाणा मातीत जातो. शंभर दिवस राखलेलं पीक शेवटच्या आठवड्यात सांडायचं, याला काय म्हणावं?

वेळेवर म्हणजे घाईनं नव्हे

इथं एक खबरदारी सांगितली पाहिजे. वेळ साधायची म्हणजे सगळ्यांच्या आधी पाभर जुंपायची, असा अर्थ कुणी काढू नये. मृग लागला, पावश्या ‘पेरते व्हा’ म्हणून ओरडायला लागला, एखादी सर पडली की हात शिवशिवतात. शेजाऱ्यानं पेरलं की मग झोपच लागत नाही. पण एका सरीवर पेरलेलं बी निम्मं उगवतं, वर ऊन पडलं की करपतं, आणि दुबार पेरणीची पाळी येते. बी गेलं, मजुरी गेली आणि दिवसही गेले.

म्हणून खरिपाची पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत चांगली ओल गेल्यावर करावी. पर्जन्यमापक घरी नसला तरी हरकत नाही. खुरप्यानं किंवा टिकावानं उकरून बघा. ओल वीतभर खाली गेली आहे का, मातीचा गोळा दाबल्यावर फुटतो का, ते पाहा. गोळा चिकटून राहिला तर वाफसा यायचा आहे. भुगा होऊन उडाला तर ओल अपुरी आहे. सोयाबीनला साधारण १५ जुलैपर्यंत वेळ असतो. तेव्हा पावसाची वाट पाहण्यात घालवलेले चार दिवस फुकट गेले असं मानू नका. ते दिवस कामाचेच आहेत.

रब्बी ज्वारीचंही तसंच आहे. तिच्या पेरणीचा काळ १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. फार आधी पेरली तर खोडमाशी जास्त लागते, फार उशिरा पेरली तर जमिनीतली ओल उडालेली असते. दोन्ही बाजूंना कुंपण आहे, मधल्या वाटेनं चालायचं.

शिवाय प्रत्येक रानाची घात वेगळी असते. कृष्णा आणि तारळीच्या काठच्या काळ्या, खोल जमिनीला पावसानंतर वाफसा यायला बरेच दिवस लागतात. डोंगराकडच्या मुरमाड रानाला तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतो आणि तितक्याच लवकर निघून जातो. ज्याचं रान दोन्हीकडं आहे त्यानं आधी डोंगराकडं पाभर न्यावी आणि मग नदीकडं वळावं. उलट केलं तर काळ्या रानात चिखल तुडवला जाईल आणि हलक्या रानातली ओल हातची जाईल.

घात कुणाला सापडते?

घात येते ती चार-सहा दिवसांसाठी. तेवढ्यात ज्याचं सगळं तयार असतं त्यालाच ती सापडते. पाऊस पडल्यावर जो पाभरीचे फण शोधायला लागतो, त्याची स्थिती ‘बैल गेला अन् झोपा केला’ अशी होते. म्हणजे घातीचं खरं काम घात येण्याआधीच करायचं असतं, आणि त्याला मे महिन्यासारखा दुसरा महिना नाही. लग्नसराई असते, यात्रा असतात, हे मला ठाऊक आहे. तरीही ही पाच कामं मेमध्ये उरकून घ्या.

पहिलं काम, घरच्या सोयाबीनची उगवण तपासा. मूठभर न घेता मोजून १०० दाणे घ्या, ओल्या गोणपाटात ओळीनं मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा आणि ओल राखा. सात दिवसांनी चांगले कोंब आलेले दाणे मोजा. ७० किंवा त्याहून जास्त उगवले तर बी पेरणीजोगं आहे. हे जूनच्या २० तारखेला शेतात कळण्यापेक्षा मेच्या २० तारखेला घरात कळलेलं बरं.

दुसरं, रब्बीचं पीक निघाल्यावर मातीचा नमुना काढून तपासणीला द्या, म्हणजे खताच्या वेळी अहवाल हातात असेल. तिसरं, पाभर, कुळव, कोळपी, फवारणीचा पंप दुरुस्त करून ठेवा. सुताराकडं आणि लोहाराकडं जूनमध्ये रांग असते, मेमध्ये नसते. चौथं, खत आणि बीजप्रक्रियेची औषधं आणून ठेवा. जिवाणू खताची पाकिटं मात्र उन्हात ठेवू नका. पाचवं, बांध आणि चर बघा. पहिल्या मोठ्या पावसात फुटलेला बांध घातीचे दोन दिवस खातो.

उसासाठीही हेच. आडसाली लागणीचा काळ १५ जुलै ते १५ ऑगस्ट, पूर्वहंगामीचा १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर आणि सुरूचा १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी. या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि बेण्याचा मळा कुठला ते दोन महिने आधी ठरवा. लागणीच्या आदल्या दिवशी मिळेल ते बेणं आणलं तर अख्खं दीड वर्ष ते चुकीचं बेणं सांभाळावं लागतं.

माझी एक चूक

मंडळी, मी तुम्हाला वेळेचं सांगतो आहे, तर माझाही हिशेब सांगितला पाहिजे. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एक शेतकरी सोमवारी माझ्याकडं आले. पिशवीतून सोयाबीनची चार पानं काढली. पानांची पार चाळण झाली होती आणि मागच्या बाजूला बारीक अळ्यांचा पुंजका होता. ती तंबाखूवरची पानं खाणारी अळी. लहान असताना ती पुंजक्यानं एका जागी असते. त्या वेळी चाळण झालेली पानं अळ्यांसकट तोडून नष्ट केली तर निम्म्याहून अधिक काम हातानं होतं.

हे मी त्यांना तिथंच, दोन मिनिटांत सांगायला हवं होतं. मी म्हणालो, गुरुवारी येतो, रान बघतो, मग सांगतो. गुरुवारी बैठक निघाली. शुक्रवारी पाऊस होता. मी गेलो तो पुढच्या सोमवारी. तोवर अळ्या मोठ्या होऊन सगळ्या रानात पांगल्या होत्या. त्यांना दोन फवारण्या कराव्या लागल्या आणि पीक घटलं ते घटलंच. ते मला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “साहेब, तुम्ही आलात, पण अळी आधी आली.”

ते वाक्य मी विसरलेलो नाही. १९८० नंतरच्या दशकात आपल्या राज्यात ‘प्रशिक्षण आणि भेट’ योजना राबवली गेली. ठरलेल्या वारी, ठरलेल्या गटाला कार्यकर्त्यानं भेटायचंच, हा तिचा गाभा. त्या योजनेतलं बाकी काहीही असो, ठरलेला वार ही गोष्ट सोळा आणे खरी होती. सल्लाही पिकासारखाच आहे, त्यालाही घात असते. तेव्हापासून जे जागेवर सांगता येईल ते मी उद्यावर टाकत नाही. तुम्हीही पानावर काही दिसलं तर आमची वाट बघत बसू नका. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक आहे, त्याला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

तासांच्या घाती

काही घाती दिवसांच्याही नसतात, तासांच्या असतात. पेरणीनंतर आणि उगवणीपूर्वी वापरायचं तणनाशक ४८ तासांच्या आत, जमिनीत ओल असताना फवारावं लागतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी फवारलं तर पैसेही वाया आणि पिकालाही धोका. कीटकनाशक वारा पडलेला असताना सकाळी किंवा सायंकाळी फवारावं. भर दुपारी, वाऱ्यात फवारलं की औषध पिकावर कमी आणि तुमच्या अंगावर जास्त पडतं. उसाची तोड झाली की तो २४ तासांत गाळपाला गेला पाहिजे, नाहीतर वजनही घटतं आणि साखरही.

गव्हाला पाणी किती दिलं याइतकंच कधी दिलं हेही महत्त्वाचं. एकच पाणी देण्याची सोय असेल तर ते पेरणीनंतर ४० ते ४२ दिवसांनी द्यावं. दोन देता येत असतील तर पहिलं २० ते २२ दिवसांनी आणि दुसरं ६० ते ६५ दिवसांनी. विहिरीत पाणी तेवढंच, विजेची पाळी तीच, पण दिवस बरोबर साधला तर दाणा वाढतो.

गोठ्यातलं तर विचारूच नका. गाय सकाळी माजावर दिसली तर त्याच दिवशी सायंकाळी, आणि सायंकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करून घ्यावं. हा माज चुकला तर पुढचा साधारण २१ दिवसांनी. म्हणजे २१ दिवसांची वैरण, पेंड आणि राबणूक फुकट. सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी पाच-पाच मिनिटं गोठ्यात उभं राहून जनावरं बघणं, एवढाच त्यावर उपाय आहे.

हात कमी, काम एकदम

आता तुम्ही म्हणाल, साहेब, घात कळते, पण मजूर मिळत नाही. खरं आहे. घात सगळ्यांना एकदम येते, म्हणून हातांचा दुष्काळ पडतो. याला जुना तोडगा आपल्याकडंच होता. कुणी त्याला सावड म्हणतं, कुणी पैरा, कुणी इर्जिक. आज सगळ्यांनी माझ्या रानात, उद्या तुझ्या रानात. चार-पाच घरांनी मेमध्येच बसून ठरवावं की कुणाचं रान आधी वाफशावर येतं आणि कुणाचं मागून. त्याप्रमाणं पाळी लावावी. ट्रॅक्टर आणि मळणी यंत्रही पाच जणांनी मिळून सांगितलं तर यंत्रवाला आनंदानं आधी येतो, कारण त्याचाही फेरा वाचतो.

आणि घरातल्या बाईच्या वेळेचा हिशेब कधी केला आहे का? तिचा दिवस तुमच्या आधी उजाडतो आणि तुमच्या नंतर मावळतो. भाकरी, पाणी, शेण, धार, मुलांची शाळा, आणि वर भांगलण. भांगलणीची घात बहुतेक तिच्याच हातावर तोललेली असते. पाण्याचा नळ दारात घेणं, वैरणीची कुट्टी यंत्रावर करणं, लहान कोळपं वापरून भांगलणीचा भार हलका करणं, यावर केलेला खर्च चैनीचा नाही. तिचा एक तास मोकळा झाला तर तो शेताच्याच उपयोगी पडतो. आणि नाही पडला, ती नुसती तासभर टेकली, तरी तो तास तिच्या हक्काचा आहे.

रिकामा वेळ

शेवटी रिकाम्या वेळेबद्दल दोन शब्द. पारावर बसू नका, असं मी म्हणणार नाही. माणसाला चार माणसांत बसावं लागतं. पण हल्ली पारावर दहा जण बसलेले असतात आणि दहाही जण आपापल्या मोबाईलमध्ये असतात. ना बोलणं, ना काम. त्याच मोबाईलवर हवामान खात्याचा अंदाज बघायला आणि बाजारभाव बघायला दहा मिनिटं पुरतात.

आपल्याच कराड तालुक्यातल्या काले गावी १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. गरिबाची पोरं शिकणार कशी, तर काम करून शिकणार. पुढं संस्थेच्या मुलांनी शेतात घाम गाळला आणि पुस्तकंही वाचली. कुणी त्यांना दिवसाचे जास्तीचे तास दिले नव्हते. होते तेच तास दोन कामांना वाटून घेतले, आणि त्यातून या भागातल्या कितीतरी घरांत पहिला शिकलेला माणूस निपजला.

आपण त्यातलं थोडं तरी घेऊ. रोज रात्री जेवणानंतर दहा मिनिटं काढा आणि एका वहीत चार ओळी लिहा. आज काय पेरलं, पाणी कधी दिलं, खत किती टाकलं, किती मजूर होते. स्वतःला लिहिता येत नसेल तर मुलीला किंवा सुनेला सांगा. वर्षानं ती वही उघडा. कुठल्या महिन्यात किती दिवस सांडले ते तुमच्याच हस्ताक्षरात दिसेल. माझ्या शंभर भाषणांपेक्षा ती वही जास्त शिकवील.

आपल्या वाडवडिलांकडं घड्याळ नव्हतं. त्यांनी वर्षाची २७ नक्षत्रं केली आणि तेरा-चौदा दिवसांच्या एकेका नक्षत्राचं काम ठरवून दिलं. मृगात काय, हस्तात काय, हे त्यांना पाठ होतं. त्यांना आकाश बघून वेळ कळायची. आपल्या मनगटावर घड्याळ आहे, खिशात फोन आहे, घरी रेडिओ आहे. तरी पेरणी चुकत असेल तर दोष आकाशाला कशाला द्यायचा?

ध्यानात ठेवा

१. गहू नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरा. १५ डिसेंबरनंतर गहू पेरू नये. उशीर अटळच असेल तर निफाड ३४ सारखी उशिराची जात निवडा.

२. सोयाबीन ७५ ते १०० मिलिमीटर पावसानंतर, वाफशावर पेरा. घाई नको, ढिलाई नको.

३. बियाण्याची उगवण, अवजारांची दुरुस्ती आणि सावडीची पाळी मेमध्येच उरका.

४. पानावर अळीचा पुंजका दिसला की त्याच दिवशी पान तोडून नष्ट करा.

५. रोज रात्री वहीत चार ओळी लिहा.

बंधू-भगिनींनो, माझीही वेळ संपत आली. तुमच्या रानात घात आली असेल तर हा कागद घडी करून खिशात ठेवा आणि आधी रानात जा. वाचायला रात्र आहे.

राम राम.